गँट्रीचा काटकोन: आधी बोल्ट, मग मोटर

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्त्याने ८०० × ६०० मिमी कामाच्या जागेचा सीएनसी राउटर (संगणकाच्या हुकमाने कापणारं मशीन) घरी जोडला आहे. एचजीआर २० रेल, वाय, म्हणजे पुढे-मागे जाणाऱ्या अक्षाच्या दोन्ही बाजूंना एसएफयू १६०५ बॉलस्क्रू (एका फेऱ्याला ५ मिमी सरकवणारा) आणि नेमा २३ स्टेपर मोटर, गँट्रीला, म्हणजे स्पिंडल (बिट फिरवणारी मोटर) वाहणाऱ्या आडव्या पुलाला, बीम म्हणून ८० × ८० चं ॲल्युमिनियम प्रोफाइल, दोन स्क्रूंमधलं अंतर साधारण ९०० मिमी. ४०० × ३०० चा आयत एमडीएफमध्ये कापला की दोन कर्णांत १ मिमीचा फरक येतो. १५० मिमीचा गुण्या (काटकोन तपासायचं सुतारी साधन) लावला तर मात्र सगळं काटकोनात दिसतं. तेव्हा दोन लिमिट स्विच (गँट्री टोकाला पोचली की लागणारे) लावून सॉफ्टवेअरमधूनच गँट्री सरळ करून घ्यावी का?

स्विच जरूर लावा, पण आत्ता नको. तुमच्या मशीनचा काटकोन नेमकं कोण धरून ठेवतंय, बोल्ट की मोटर, हे आधी ठरवायला हवं. उपाय पूर्णपणे त्यावर अवलंबून आहे आणि बहुतेक लोक हाच प्रश्न न विचारता थेट सेटिंग बदलायला बसतात.

व्ही-व्हील (खाचेची छोटी चाकं) आणि पट्ट्यावर चालणाऱ्या हलक्या मशीनमध्ये गँट्रीची दोन्ही टोकं बऱ्यापैकी मोकळी असतात. एक टोक हाताने दोन-तीन मिमी पुढे ढकललं तरी जातं. तिथे काटकोन मोटरच धरतात, त्यामुळे मोटरचा ऑफसेट, म्हणजे दोन बाजूंमधला ठरवलेला फरक, बदलून तो दुरुस्त करणं रास्त आहे. एचजीआर रेल आणि प्रत्येक बाजूला तिच्यावर सरकणारे दोन-दोन ब्लॉक असले की गोष्ट उलटी होते. ब्लॉक रेलला घट्ट धरून असतात, बीमच्या टोकाची एंड प्लेट ब्लॉकला आणि बीम एंड प्लेटला कसलेला असतो. अशा गँट्रीचा कोन बोल्ट आवळतानाच पक्का होतो. नंतर एका मोटरला दीड-दोन मिमी जास्त पळवलंत, तर गँट्री फिरत नाही, ती वाकते. एका बाजूने ओढलेला ड्रॉवर अडकतो तसं ब्लॉक रेलवर तिरके दाबले जातात. मशीन बंद केलं की गँट्री पुन्हा मूळ जागी उसळते, आणि चालू असताना दोन्ही मोटर एकमेकींशी कुस्ती खेळत राहतात. स्टेप सुटणं, ब्लॉक लवकर खराब होणं, ही त्याची फळं.

आता गुण्याचं. ४०० × ३०० च्या आयतात कर्णांचा फरक १ मिमी असेल तर कोनातली चूक १/४८० रेडियन, म्हणजे अंशाचा जेमतेम आठवा भाग. १५० मिमीच्या पात्यावर ती ०.३ मिमी दिसते. ९०० मिमीवर तीच चूक १.९ मिमी होते. ०.३ मिमीची फट एरवी उजेडाकडे धरून दिसायला हवी, पण तुम्ही गुण्या बहुधा बीमच्या बाहेरच्या अंगाला लावला आहे. स्पिंडल बीमच्या अंगाने चालत नाही, बीमवरच्या एक्स (डावी-उजवीकडच्या) रेलने चालतो. रेल बीमवर किंचित तिरकी बसली असेल किंवा बीमलाच थोडा बाक असेल, तर गुण्या जे सांगतो ते खरंच असतं, फक्त भलत्याच गोष्टीबद्दल असतं. त्यामुळे या कामात गुण्या जुळणी करताना ढोबळ अंदाजासाठी वापरायचा आणि शेवटचा निकाल मशीनने स्वतः पाडलेल्या खुणांवरून घ्यायचा.

खुणा पाडायची पद्धत सांगतो, कारण आयत कापून मोजण्यात दोन-तीन चुका आपोआप मिसळतात. कापताना बिट वाकतं, कडेला भुसा चिकटतो, टेपचा हूक हलतो. त्यापेक्षा १२ मिमी एमडीएफचा मोठा तुकडा बेडवर क्लॅम्प करा आणि ६० अंशाच्या व्ही-बिटने चार कोपऱ्यांवर जेमतेम १ मिमी खोल ठिपके पाडा. तुमच्या मशीनला एक्समध्ये ७२० आणि वायमध्ये ५४० घ्या, कर्ण ९०० येईल. प्रत्येक ठिपक्यावर एकाच दिशेने या: आधी पाच मिमी डावीकडे आणि पुढे, म्हणजे आपल्या बाजूला जा आणि मग बिंदूवर या. असं केलं की बॅकलॅश (दिशा बदलताना स्क्रू आणि नटमधला रिकामा खेळ) चारही ठिकाणी सारखाच लागतो आणि फरकातून निघून जातो.

कर्ण मोजायला मीटरभर लांबीच्या व्हर्निअरची गरज नाही. ॲल्युमिनियमची किंवा सागवानाची सरळ पट्टी घ्या, एका टोकाला टोकदार खिळा घट्ट बसवा. खिळा एका ठिपक्यात रोवा, समोरच्या ठिपक्यापाशी पट्टीवर कटरच्या पात्याने बारीक रेघ ओढा. मग दुसऱ्या कर्णावर तेच करा. दोन रेघांमधलं अंतर भिंग आणि साध्या व्हर्निअरने ०.१ ते ०.२ मिमीपर्यंत वाचता येतं. टेपनेच मोजायचं असेल तर हूक वापरू नका, १०० चा आकडा ठिपक्यावर धरून मोजा आणि नंतर १०० वजा करा.

इथे एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. कर्णांची तुलना करायला स्टेप्स प्रति मिमी, म्हणजे एक मिमी सरकायला मोटरने घ्यायच्या स्टेपचा आकडा, अचूक असण्याची गरज नाही. एक्स ७२० ऐवजी ७२१ सरकला तरी चारही ठिपके समांतरभुज चौकोनातच पडतात, आणि काटकोन असेल तर त्याचे कर्ण सारखेच येतात. ३-४-५ ची सुतारी पद्धत मात्र लांबी अचूक असेल तरच खरी ठरते. म्हणून कॅलिब्रेशनच्या आधी काटकोन तपासायचा असेल तर कर्णांचा फरक पाहा, ३-४-५ चा हिशेब नको.

फरकावरून दुरुस्ती किती, याचं सूत्र सोपं आहे. फरकाला कर्णाने आणि दोन स्क्रूंमधल्या अंतराने गुणा, मग दोन्ही बाजूंच्या गुणाकाराच्या दुपटीने भागा. ७२० × ५४० च्या ठिपक्यांना आणि ९०० मिमी अंतराला हे उत्तर फरकाच्या १.०४ पट येतं. म्हणजे तुमच्या मशीनवर कर्णांत जितका फरक, जवळपास तितकंच एक टोक सरकवायचं. कोणतं टोक? डावीकडच्या पुढच्या कोपऱ्यापासून उजवीकडच्या मागच्या कोपऱ्यापर्यंतचा कर्ण मोठा असेल तर गँट्रीचं उजवं टोक मागे गेलेलं आहे, ते पुढे आणायचं. दुसरा कर्ण मोठा असेल तर डावं टोक पुढे आणायचं.

पण सरकवण्याआधी खालचं सगळं तपासा. पायाच पिळलेला असेल तर गँट्री एका टोकाला काटकोनात आणि दुसऱ्या टोकाला तिरकी, असा अनुभव येतो आणि माणूस गोंधळतो. पीळ पाहायला बारीक तंगूस पुरते. फ्रेमच्या चार कोपऱ्यांवर सारख्या जाडीचे चार ठोकळे ठेवा, त्यांवरून कर्णावर दोन तंगूस ताणा. मध्ये त्या एकमेकींना जेमतेम शिवल्या पाहिजेत. मग खालची तंगूस वर आणि वरची खाली करून पुन्हा पाहा. एका वेळी शिवतात आणि दुसऱ्या वेळी अंतर दिसतं, तर पीळ आहे. मध्यभागी जितकी फट, त्याच्या दुप्पट एक कोपरा वर किंवा खाली आहे. पायाखाली शिम (पातळ पत्रा) घालून तो काढा. मुंबईतल्या फ्लॅटच्या बाल्कनीत फरशीला पाणी वाहून जायला उतार असतो, त्यामुळे तिथे मशीन ठेवणाऱ्यांनी हे न चुकता करावं. मशीन लेव्हलमध्ये असलंच पाहिजे असं नाही, पिळलेलं मात्र असू नये.

त्यानंतर वाय रेल. एक रेल मुख्य धरा, ती सरळ कडेला लावून पूर्ण आवळा. दुसरी टेपने मोजून बसवू नका, गँट्रीलाच तिची जागा ठरवू द्या. दुसऱ्या रेलचे बोल्ट बोटाने घट्ट ठेवा, दोन्ही बॉलस्क्रूंचे नट गँट्रीपासून सोडवा (ते सोडवतानाच पुढे सांगितलेली ‘खरी परीक्षा’ही घ्या), गँट्री एका टोकाला नेऊन ब्लॉकजवळचे बोल्ट आवळा, मग दुसऱ्या टोकाचे आणि शेवटी मधले. हाताने ढकलताना मध्येच जड लागत असेल तर तिथे रेल समांतर नाही. ही पायरी आधीच नीट झाली असेल तर पुढे जा.

आता खरी परीक्षा. दोन्ही नट हाउसिंगचे बोल्ट काढा आणि त्याच वेळी गँट्रीच्या एका टोकाला डायल (बारीक हालचाल सुईने दाखवणारं साधन) लावून ठेवा. बोल्ट सुटताच सुई उसळली तर समजा की दोन स्क्रू गँट्रीला आजवर जबरदस्तीने वाकवून धरत होते. नट मोकळे असताना गँट्री ज्या कोनात आपोआप उभी राहते तोच तिचा खरा कोन, आणि दुरुस्त करायचा तो हाच. एक सूचना: डायलच्या चुंबकी स्टँडला ॲल्युमिनियम प्रोफाइल धरत नाही. स्टँड रेलवर बसवा किंवा फ्रेमला लोखंडी पट्टी कसून तिच्यावर लावा.

तुमच्या मशीनमध्ये कोन चुकण्याच्या मुख्य जागा दोन आहेत. पहिली जागा ब्लॉकच्या बोल्टांची भोकं. रेल फ्रेमच्या वर बसवली असेल आणि ब्लॉकवर आडवी प्लेट असेल, तर एम ५ बोल्टाला ५.५ मिमीचं भोक म्हणजे अर्ध्या मिमीचा प्ले, म्हणजे मोकळीक. दोन ब्लॉकमधलं अंतर १५० मिमी धरलं तर तेवढ्यात ९०० मिमीवर ३ मिमीपर्यंत गँट्री तिरकी बसू शकते. म्हणजे तुमची १.९ मिमीची चूक या प्लेमध्ये सहज मावते आणि त्याच प्लेमध्ये निघूनही जाते. रेल फ्रेमच्या बाजूला उभ्या अंगावर असेल तर हा प्ले वर-खाली आणि मागे-पुढे असतो, कोन बदलायला त्याचा उपयोग नाही.

दुसरी जागा बीमची टोकं. ८० मिमी रुंद बीम कट-ऑफ मशीनवर कापलेला असतो आणि त्याचं टोक ०.१ मिमीने तिरकं असणं अगदी नेहमीचं आहे. कॉपीच्या कागदाची जाडी साधारण तेवढीच असते. एंड प्लेट त्याला कसून दाबली की ०.१ भागिले ८० गुणिले ९००, म्हणजे १.१ मिमी गँट्री हलली. तुमच्या १.९ मिमीला टोकावर फक्त ०.१७ मिमीची चूक पुरते. शक्य असेल तर बीम मुंबईतल्या साकीनाका-मरोळकडच्या एखाद्या मशीन शॉपमध्ये नेऊन दोन्ही टोकं मिलिंगवर फेस, म्हणजे सपाट, करून घ्या. फेस करणाऱ्याला स्पष्ट सांगा की दोन्ही टोकं एकाच कडेच्या संदर्भाने काटकोनात हवीत. एक टोक बरोबर आणि दुसरं चुकीचं असेल तर एंड प्लेट एकमेकींना समांतर राहत नाहीत आणि ब्लॉक रेलवर दाबले जातात.

मिलिंग नको असेल तर पितळी शिम वापरा, मुंबईत नागदेवीच्या बाजारात सुटी मिळते. उजवं टोक पुढे आणायचं असेल तर डाव्या सांध्यात बीमच्या मागच्या कडेला आणि उजव्या सांध्यात पुढच्या कडेला शिम जाते. एकमेकींच्या समोरासमोर नव्हे, तिरप्या कोपऱ्यांत. तुमच्यासाठी दोन्हीकडे ०.१५ मिमी घाला, त्याने १.७ मिमी निघेल आणि उरलेलं ब्लॉकच्या प्लेमध्ये जमेल. कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा साधारण ०.१ मिमी असतो, तात्पुरता तोही चालतो.

प्ले वापरून दुरुस्ती करताना डाव्या बाजूची आडवी प्लेट दोन क्लॅम्पने फ्रेमला हलकी धरून ठेवा, चिरडू नका, कारण तिलाही थोडं फिरायचं आहे. उजव्या एंड प्लेटला वायच्या दिशेने डायल लावा, शून्य करा. चारही ब्लॉकचे बोल्ट बोटाने घट्ट राहतील इतके सैल करा. उजवं टोक हिशेबाने आलेल्या आकड्याइतकं हळूच ढकला. मग बोल्ट आळीपाळीने, तीन फेऱ्यांत आवळा आणि दर वेळी डायलकडे बघा. पहिल्याच बोल्टला पूर्ण ताकद लावली तर गँट्री आवळण्याच्या दिशेने हमखास सरकते आणि सगळी मेहनत वाया जाते. आवळून झालं की क्लॅम्प काढा, गँट्री हाताने या टोकापासून त्या टोकापर्यंत न्या. सगळीकडे सारखी हलकी चालली पाहिजे.

मगच नट जोडायचे. गँट्री बीके १२ बेअरिंगच्या टोकाकडे न्या, नट हाउसिंगचे बोल्ट तिथे आवळा, म्हणजे स्क्रू जिथे पक्का धरलेला आहे तिथे नट त्याच्या रेषेत बसेल. दुसऱ्या बाजूलाही तसंच. हे करताना मोटरचं एका बाजूचं कपलिंग सैल असू द्या. गँट्री स्थिर झाली, मोटरांना वीज मिळून त्या आपापल्या स्टेपवर बसल्या, की मग ते कपलिंग आवळा. क्रम उलटा केला, म्हणजे आधी कपलिंग आवळून मग वीज दिली, तर मोटर जवळच्या स्टेपवर उडी मारते आणि तुमची दुरुस्ती थोडी बिघडते. १.८ अंशाच्या मोटरमध्ये वीज देताच रोटर ज्या जागांवर बसू शकतो त्या चार पूर्ण स्टेप अंतरावर असतात. १६०५ स्क्रूवर हे अंतर ०.१ मिमी, म्हणून तुम्हाला फार त्रास नाही. जीटी २ पट्टा आणि २० दातांच्या पुलीवर ते ०.८ मिमी होतं, म्हणजे एक बाजू पुढच्या जागेत आणि दुसरी मागच्या जागेत बसली तर गँट्री तेवढी तिरकी. पट्ट्याची मशीन दोन्ही बाजूंच्या ठोकळ्यांना टेकवून चालू करणाऱ्यांचा काटकोन कधी येतो, कधी येत नाही, त्याचं कारण हेच. त्यांनी वीज चालू असताना एका पुलीचा ग्रब स्क्रू (पुली शाफ्टवर धरणारा छोटा स्क्रू) सैल करावा, गँट्री सरळ करून तो आवळावा आणि मग ठोकळे त्या जागेवर आणावेत.

एवढं झाल्यावर ठिपक्यांची चाचणी पुन्हा करा. ७२० × ५४० वर फरक ०.२ मिमीच्या आत आला की लाकूड, एमडीएफ, ॲक्रिलिकच्या कामाला थांबा. ३०० मिमीच्या तुकड्यावर ती चूक ०.०७ मिमी होते आणि एमडीएफची कडच तेवढी खरखरीत असते. ॲल्युमिनियमचे भाग बनवायचे असतील तर ०.१ पर्यंत जा. त्याखाली तुम्ही मशीन नव्हे, तुमची पट्टी मोजत असता.

आता स्विच. जोडणी सरळ झाल्यावर दोन होमिंग (मशीनने ठरलेल्या मूळ जागी येण्याच्या) स्विचचं काम इतकंच की दर वेळी गँट्री त्याच जागी येऊन उभी राहावी. यासाठी दोन्ही वाय मोटरना वेगळे ड्रायव्हर आणि वेगळे स्टेप सिग्नल लागतात. आर्डुइनो युनोवर बसणाऱ्या सीएनसी शील्ड या बोर्डवर चौथी मोटर जंपरने वायची नक्कल करते, तिथे दोन बाजू स्वतंत्रपणे थांबवता येत नाहीत. मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरपैकी फ्लुइडएनसीमध्ये वायच्या दोन मोटरना वेगवेगळा पुल-ऑफ (स्विच लागल्यावर मागे सरकायचं अंतर) देता येतो, जीआरबीएल-हॅलमध्ये दुहेरी अक्षाचा ऑफसेट आहे, लिनक्ससीएनसीमध्ये दोन जॉइंटचे होम ऑफसेट वेगळे ठेवता येतात. हा ऑफसेट दोन स्विचांच्या बसवणुकीतला फरक भरून काढण्यासाठी आहे. त्यामुळे स्विच कुठेही बसवले तरी चालतात, पण ऑफसेट दिल्यावर गँट्री नट सोडवलेल्या अवस्थेतल्या तिच्या नैसर्गिक कोनात उभी राहिली पाहिजे. साध्या जीआरबीएलमध्ये डॉलर १ ($1) या सेटिंगला २५५ द्या, म्हणजे थांबल्यावर मोटर सुटणार नाहीत.

स्विच बसवल्यावर त्यांची पुनरावृत्ती, म्हणजे ते दर वेळी त्याच जागी लागतात का, तपासा. डायल लावून दहा वेळा होम करा, सुई दर वेळी कुठे थांबते ते लिहून ठेवा. आकडे ०.१ मिमीत पसरलेले असतील तर ०.०५ चा ऑफसेट घालण्यात अर्थ नाही. आणि लिमिट स्विचची वायर स्पिंडलच्या व्हीएफडीच्या (वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) केबलपासून दूर ठेवा, शील्ड (धातूचं आवरण) असलेली घ्या, शील्ड एकाच टोकाला अर्थ करा. होमिंग स्पिंडल बंद ठेवूनच करा. व्हीएफडीच्या विद्युत नॉइजमुळे एका बाजूचा स्विच खोटा लागला तर ती बाजू आधी थांबते, दुसरी पुढे जात राहते आणि तुमच्यासारख्या ताठ गँट्रीत थेट ब्लॉक आणि बीमवर ताण येतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात शील्डेड केबल मीटरवर मिळते, तिथे कंजूषी नको.

स्पिंडल उभा आहे की नाही, म्हणजे ट्रॅमिंग, हे या सगळ्यानंतर करायचं. त्याचा कर्णांशी संबंध नाही. स्पॉइलबोर्ड (बेडवरचा, कापला गेला तरी चालेल असा बोर्ड) सपाट केल्यावर बिटच्या दोन शेजारच्या फेऱ्यांच्या मध्ये पायरी लागते, ती त्याची खूण.

आणि पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, एमडीएफचा स्पॉइलबोर्ड ओलावा ओढून फुगतो, जाडीतही आणि किंचित लांबीतही. फ्रेम ॲल्युमिनियमची असल्यामुळे तुमचा काटकोन त्याने जाणार नाही, फक्त बोर्ड पुन्हा सपाट करावा लागेल. ज्यांचा पाया प्लायचा आहे त्यांनी मात्र पाऊस लागल्यावर एकदा आणि ऑक्टोबरमध्ये एकदा ठिपक्यांची चाचणी घ्यावी. मशीन एका गाळ्यातून दुसऱ्यात हलवलं तर प्रत्येकानेच आधी तंगूस ताणून पीळ पाहावा, मग ठिपके पाडावेत.